जुनी टू-स्ट्रोक एंड्युरो आणि सुट्या भागांचा हिशेब: केटीएमच्या अडचणीच्या काळातली एक खरेदी

पार्श्वभूमी

२९ नोव्हेंबर २०२४ रोजी केटीएम एजी या मोटरसायकली बनवणाऱ्या ऑस्ट्रियन कंपनीने न्यायालयाच्या देखरेखीखाली आर्थिक पुनर्रचना करण्यासाठी अर्ज केला. डिसेंबरच्या मध्यात कंपनीच्या माटिगहोफेन इथल्या कारखान्यातलं उत्पादन थांबलं. हुस्कवार्ना आणि गॅसगॅस हे दोन्ही ब्रँड त्याच घरातले, त्यामुळे एंड्युरो, म्हणजे कच्च्या, खडबडीत वाटांसाठीच्या गाड्यांच्या बाजारातला फार मोठा हिस्सा एकाच वेळी अनिश्चित झाला.

या प्रकरणातला खरेदीदार मूळचा पुण्याचा, दक्षिण जर्मनीत नोकरी करणारा यांत्रिकी अभियंता. डोंगराळ वाटांवर चालवायला हलकी टू-स्ट्रोक एंड्युरो हवी, रस्त्यावर नोंदणी असलेली हवी, आणि सुरुवातीच्या दुरुस्तीसह खर्च ६,५०० युरोंच्या आत बसायला हवा, एवढी त्याची गरज. डिसेंबरअखेरीस त्याला २०२० सालची केटीएम ३०० ईएक्ससी टीपीआय मिळाली. मीटरवर इंजिन चालल्याचे ११८ तास, दोन मालक, ८५ तासांना बोअर-पिस्टनचं काम झाल्याची पावती. जाहिरातीतली किंमत ६,२०० युरो. तीन आठवड्यांत विक्रेत्याने ती दोनदा खाली आणली होती.

अडचण नेमकी काय होती

पहिला प्रश्न साहजिकच ‘कंपनी राहील का?’ हा होता आणि त्यातच दोन आठवडे गेले. बातम्या वाचून या प्रश्नाचं उत्तर मिळत नव्हतं. पुण्यातल्या मावसभावाचं म्हणणं, “अरे, बजाज आहे ना मागे, पार्ट चाकणहून येतील.” बजाज ऑटोची केटीएममध्ये २००७ पासून भागीदारी आहे आणि चाकणला ड्यूकसारख्या गाड्या बनतात, हे खरंच. पण ईएक्ससी चाकणला बनत नाही. ३९० ड्यूकचा पिस्टन किंवा वायरिंग ३०० ईएक्ससीला कुठेच लागत नाही. बजाजमुळे कंपनी तरण्याची शक्यता वाढत होती, या गाडीच्या सुट्या भागांबद्दल मात्र त्यातून काहीच कळत नव्हतं.

दुसरी गोष्ट त्याला उशिरा लक्षात आली आणि सगळ्या निर्णयात तीच सर्वांत महत्त्वाची ठरली. टीपीआय, म्हणजे सिलिंडरच्या ट्रान्स्फर पोर्टमध्ये (क्रँककेसमधून सिलिंडरमध्ये येणाऱ्या वाटेत) पेट्रोल फवारणारी प्रणाली, ईएक्ससीमध्ये २०१८ ते २०२३ एवढ्याच मॉडेलांत आहे. २०२४ पासून इंजेक्टर थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागात गेले. म्हणजे कंपनी धडधाकट असती तरी टीपीआयचे खास भाग बंद झालेल्या तंत्राचेच भाग होते. दिवाळखोरीच्या बातम्यांनी हा धोका डोळ्यांसमोर आणला इतकंच. म्हणून प्रश्न बदलला: या गाडीचा कोणता भाग जगात किती जण बनवतात?

भागांची वर्गवारी

ऑनलाइन मिळणाऱ्या भागांच्या आकृत्या समोर ठेवून त्याने एक तक्ता केला. प्रत्येक भागापुढे तीन रकाने: मूळ भाग क्रमांक, तोच क्रमांक इतर कोणत्या मॉडेल-वर्षांना लागतो, आणि बाहेरचा उत्पादक आहे का. तक्ता भरायला दोन संध्याकाळी लागल्या. त्यातून तीन गट पडले.

पहिला गट बिनधोक. ७२ बाय ७२ मिलिमीटरच्या या २९३ सीसी इंजिनाचे पिस्टन वर्टेक्स, वोसनर, प्रोएक्स बनवतात. गॅसकेट अथीनाचे, चाकांची आणि स्टिअरिंगची बेअरिंग ऑल बॉल्सची. ५२० ची चेन, स्प्रॉकेट, क्लचप्लेट, ४८ मिलिमीटर शॉकअपचे ऑइल सील, ब्रेम्बो कॅलिपरचे पॅड, रेडिएटर, पोलिस्पोर्ट किंवा असेर्बिसचं प्लास्टिक, २१ आणि १८ इंची टायर. कारखान्याला टाळं लागलं असतं तरी हे सगळं वर्षानुवर्षं मिळालं असतं. मागच्या शॉकअपला लिंकेज (मधले जोडदांडे) नाही, ते थेट स्विंगआर्मला जोडलेलं आहे, त्यामुळे लिंकेजच्या बेअरिंगांचा प्रश्नच नाही.

दुसरा गट मधला. इंधनपंप, स्टेटर, स्टार्टर मोटर, पॉवर व्हॉल्व्हचे तुकडे, पाण्याच्या पंपाचा शाफ्ट. बाहेरचे पर्याय आहेत, पण दर्जा कमीजास्त. इथे हुस्कवार्ना टीई ३००आय आणि गॅसगॅस ईसी ३०० या बहिणी उपयोगी पडतात. याबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे: ‘तीन ब्रँडना एकच भाग लागतो, म्हणजे पुरवठा तिप्पट पक्का.’ नव्या भागांच्या बाबतीत हे चूक आहे, कारण तिघांचा मालक एकच आणि अडचणही एकच. मोडीत निघालेल्या गाड्यांच्या जुन्या भागांच्या बाबतीत मात्र ते अगदी खरं आहे. मोडतोडवाल्याकडे शोधताना एकाऐवजी तीन नावांनी शोधता येतं.

तिसरा गट धोक्याचा: थ्रॉटल बॉडी, इसीयू (इंजिनाचा संगणक), ट्रान्स्फर पोर्टवरचे इंजेक्टर आणि ते बसण्याची सोय असलेला सिलिंडर, तेलपंप, मुख्य वायरिंग. तक्त्यात यांच्यापुढचा बाहेरच्या उत्पादकाचा रकाना जवळजवळ रिकामा राहिला.

तेलपंपाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्याबाबत चुकीचे सल्ले सर्रास मिळतात. कार्बोरेटरच्या टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-तेलाचं मिश्रण क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या कप्प्यातून) जातं, म्हणून क्रँकच्या बेअरिंगांना आपोआप तेल मिळतं. टीपीआयमध्ये पेट्रोल वर, पोर्टमध्येच फवारलं जातं. खालच्या बेअरिंगांसाठी वेगळ्या टाकीतलं तेल विजेवर चालणारा पंप थ्रॉटल बॉडीत सोडतो. त्यामुळे ‘पंप गेला तर टाकीत तेल मिसळून चालवा’ हा सल्ला जसाच्या तसा लागू होत नाही. काही जण तसं चालवतात, पण तळाच्या बेअरिंगांपर्यंत पुरेसं तेल पोचेल याची खात्री नसते. पंप बंद पडल्याचं वेळेत लक्षात आलं नाही, तर खर्च पंपावर थांबत नाही, क्रँकपर्यंत जातो.

पर्याय

सर्वांत सोपा पर्याय थांबण्याचा होता. धनकोंचं मतदान २५ फेब्रुवारी २०२५ ला होतं, ते होऊ द्यावं आणि मग ठरवावं. पण कंपनी वाचली तरी तिसऱ्या गटातला एकही भाग पहिल्या गटात जाणार नव्हता, आणि चांगल्या अवस्थेतली गाडी तोवर दुसऱ्याने नेली असती.

इटलीतल्या बेटाची आरआर ३०० हा दुसरा. बेटाची मालकी वेगळी, गाडी कार्बोरेटरची, सगळं सरळ. जवळपास मिळणाऱ्या दोन्ही गाड्या मात्र अंदाजपत्रकाबाहेरच्या होत्या.

तिसरा पर्याय २०१७ ची ३०० ईएक्ससी. हा खरोखर तुल्यबळ होता. इंजिनाची पिढी तीच, कंपन कमी करणाऱ्या बॅलन्सर शाफ्टसह, पण मिकुनीचा ३८ मिलिमीटर कार्बोरेटर. म्हणजे तिसऱ्या गटातला बहुतेक भाग गाडीतच नाही. या कार्बोरेटरचं जेटिंग, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या जेटांचं माप, जमवायला वेळ द्यावा लागतो, पण ते जमतं आणि जेट कुठेही मिळतात. पाहिलेल्या गाडीचे तास २४० होते, सिलिंडरचा इतिहास माहीत नव्हता, मागचा सबफ्रेम वाकून सरळ केलेला होता. गाडी चांगली असती तर हाच पर्याय निवडायला हवा होता, असं आमचं स्पष्ट मत आहे.

चौथा म्हणजे ती टीपीआयच घ्यायची, पण धोक्याची किंमत सौद्यात धरून. शेवटी तो इथे आला.

चाचणी ऑर्डर

सौद्याआधी त्याने एक पाऊल उचललं, ते कोणालाही करता येईल. अधिकृत विक्रेत्याकडे जाऊन दोन स्वस्त भाग प्रत्यक्ष मागवले: क्लच कव्हरचं गॅसकेट आणि इंधननळीतली बारीक जाळी. सोबत थ्रॉटल बॉडी, तेलपंप आणि मुख्य वायरिंगची उपलब्धता संगणकावर पाहून सांगायला लावली, ऑर्डर न देता. गॅसकेट आणि जाळी चार दिवसांत आली. तेलपंप साठ्यात होता. थ्रॉटल बॉडीपुढे तारीख नव्हती. कंपनीचं निवेदन काय म्हणतं यापेक्षा या चार ओळींतून जास्त कळलं: गोदाम चालू आहे, रोजचा माल निघतो आहे, आणि नेमका कुठला भाग अडू शकतो.

गाडीची तपासणी

तपासणी तक्त्याच्या क्रमाने केली. न मिळणाऱ्या भागांवर जास्त वेळ, मिळणाऱ्यांवर कमी.

थंड इंजिनावर सुरुवात. विक्रेत्याला आधीच सांगून ठेवलं होतं की गाडी गरम करून ठेवू नका. पहिल्या दाबाला चालू झाली, थंडीतही एका लयीत फिरत राहिली. तेलाच्या पारदर्शक नळीत बुडबुडे नाहीत ना, हे टॉर्च लावून पाहिलं. बुडबुडे दिसले तर हवा शिरली आहे किंवा टाकी कधीतरी कोरडी पडली आहे असं समजावं, आणि तशा गाडीच्या क्रँकवर विश्वास ठेवू नये. वायरिंग स्टिअरिंगपाशी आणि सीटखाली हाताने चाचपून पाहिलं. हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवून इंजिन अडखळतं का तेही. डकटेप गुंडाळलेला एक सांधा सापडला, तो फक्त इंडिकेटरचा होता.

मग एक्झॉस्टचे स्प्रिंग काढून पाइप उतरवला आणि पोर्टातून पिस्टनचा घेर व सिलिंडरची भिंत पाहिली. उभे ओरखडे नव्हते. याला पंधरा मिनिटं लागतात, आणि जो विक्रेता हे करू देत नाही त्याच्याकडून टू-स्ट्रोक घेऊ नये. गिअरबॉक्सचं तेल थोडं काढून पाहिलं. ते दुधाळ असेल तर पाण्याच्या पंपाचं सील गेलेलं असतं. हे काळपट पण स्वच्छ होतं.

तासांचा मीटर बदलता येतो, म्हणून तासांचा अंदाज झिजेवरून घेतला. बुटांनी घासून फ्रेमचा रंग गुडघ्याखाली किती गेला, क्लच कव्हरवरची अक्षरं दिसतात का, फुटपेगच्या पिनेत किती खेळ आहे, चेन स्लायडरखाली स्विंगआर्म कापला गेला आहे का. झीज ११८ तासांशी जुळत होती.

कागदपत्रांत नोंदणीचे दोन्ही भाग होते, चॅसिस क्रमांक जुळला, आणि दर दोन वर्षांनी होणारी टीयूव्ही तपासणी जुलै २०२५ पर्यंत वैध होती. जर्मनीत ही गाडी कमी शक्तीच्या, रोधक लावलेल्या अवस्थेत नोंदलेली असते. ते रोधक, आरसे, इंडिकेटर आणि नंबरप्लेटचा मूळ धारक विक्रेत्याकडे खोक्यात आहेत का, हे विचारलंच पाहिजे. आरसा आणि धारक होते, एक इंडिकेटर नव्हता.

निर्णय आणि सौदा

घासाघीस ‘कंपनी बुडतेय’ म्हणून केली नाही. तिसऱ्या गटातल्या भागांपैकी एक पाच वर्षांत जाईल असं धरलं, आणि तो नवा मिळालाच नाही तर गाडीत कार्बोरेटर बसवावा लागेल असं गृहीत धरलं. टीपीआय काढून कार्बोरेटर लावण्याची किट बाजारात आहेत, पण किट, प्रज्वलनाची वेगळी सोय आणि मजुरी धरून रक्कम मोठी होते. तिचा अर्धा भाग विक्रेत्याने सोसावा, हा तक्ता समोर ठेवून केलेला युक्तिवाद होता. विक्रेत्याने तो ऐकून घेतला आणि सौदा ५,५०० युरोंवर ठरला. गाडी जानेवारी २०२५ च्या तिसऱ्या आठवड्यात घरी आली.

उरलेल्या रकमेतून सुमारे ४२० युरोंचे भाग आधीच घेऊन ठेवले: इंधनपंपाचं बाहेरच्या कंपनीचं किट, चार जाळ्या, टॉप-एंड गॅसकेट संच, पाण्याच्या पंपाचा शाफ्ट व सील, एक पिस्टन संच, क्लच आणि ब्रेकचे लिव्हर. रबरी सील फार वर्षांचे साठवले नाहीत, कारण ते पडून पडून कडक होतात. लिथियम बॅटरीही घेतली नाही. ती कपाटात म्हातारी होते आणि कुठेही मिळते.

पुढे काय झालं

कंपनीच्या बाजूने घटना अशा घडल्या. फेब्रुवारीत धनकोंनी ३० टक्के परतफेडीची योजना मान्य केली. उत्पादन १७ मार्चला सुरू झालं, पण भागांच्या तुटवड्यामुळे एप्रिलअखेरीस पुन्हा थांबलं आणि जुलैच्या शेवटी परत चालू झालं. मे महिन्यात बजाजच्या पैशांवर योजनेची अट पूर्ण झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियंत्रण बजाजकडे गेलं आणि मूळ कंपनी पियरर मोबिलिटीचं नाव बजाज मोबिलिटी करायचं ठरलं.

गाडीच्या बाजूने पहिला बिघाड एप्रिलमध्ये आला. पूर्ण थ्रॉटलला इंजिन अडखळू लागलं. जाळी काढली तर तपकिरी गाळाने भरलेली, बदलूनही फरक पडला नाही. पेट्रोलचा दाब मोजला, तो कमी होता. पंप बदलला. या कामात एक बारीक अडचण ठरलेली असते: टाकीतून पंप काढला की त्याची ओ-रिंग पेट्रोलने फुगते आणि परत खाचेत बसत नाही. किटमध्ये नवी रिंग होती म्हणून काम त्याच दिवशी झालं. रिंग नसलेली किट घेऊ नयेत. जाळी दर वीस-तीस तासांनी बदलली तर पंपाचं आयुष्य वाढतं.

खरी कोंडी मात्र कोणीच न धरलेल्या भागाने केली. जूनमध्ये एका खडकाळ उतारावर गाडी डावीकडे पडली आणि हँडलवरचा दिवे-हॉर्न-इंडिकेटरचा एकत्र स्विच फुटला. रानात चालवायला त्याने काही अडत नव्हतं, पण जुलैमध्ये टीयूव्ही होती आणि त्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येणार नव्हती. विक्रेत्याकडे स्विचची तारीख मिळेना. कारखाना पुन्हा बंद असलेला तो काळ होता. बाहेरचा सर्वसाधारण स्विच बसवता आला असता, पण त्याची जोडणी वेगळी, म्हणजे मूळ वायरिंग कापावं लागलं असतं, आणि वायरिंग तर तिसऱ्या गटातलं. ते कापायचं नाही, असं त्याने ठरवलं. भाग क्रमांक जुळवून मोडतोडवाल्याकडे २०२१ च्या हुस्कवार्नाचा वापरलेला स्विच सापडला. तो येऊन बसायला तीन आठवडे गेले आणि टीयूव्ही ऑगस्टवर गेली.

सप्टेंबरमध्ये १६० तासांना बोअर-पिस्टनसाठी इंजिन उघडलं. सिलिंडरवरची मापाची खूण होती II, आणि कपाटातला पिस्टन संच होता I चा. लेपित सिलिंडरमध्ये हा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो, पण तो पाळावाच लागतो. सुदैवाने वर्टेक्सचा योग्य मापाचा संच दोन दिवसांत आला. पहिला संच पावती असूनही परत करता आला नाही, कारण परतीची मुदत केव्हाच उलटली होती.

वेगळं काय करता आलं असतं

तक्त्यात इंजिन आणि इंधनप्रणालीवरच सगळं लक्ष गेलं. नोंदणी व तपासणीसाठी कायद्याने लागणारे भाग, म्हणजे स्विच, मीटर, चाकाचा वेगसंवेदक, मागचा दिवा, यांचा चौथा गट करायला हवा होता. हे भाग स्वस्त असतात, पडल्यावर सर्वांत आधी मोडतात, आणि बाहेरचे उत्पादक त्यांच्या वाटेला फारसे जात नाहीत. ४२० युरोंत पिस्टनऐवजी एक जुना स्विच आणि संवेदक सहज बसला असता.

पिस्टन आधी घ्यायचाच नव्हता. जो भाग पाच कंपन्या बनवतात तो साठवण्यात पैसा अडकतो, आणि माप माहीत नसताना तर तो वायाही जातो. साठा तिसऱ्या आणि चौथ्या गटाचा करायचा, तोही जुन्या गाड्यांमधून.

फेब्रुवारीपर्यंत थांबणं शहाणपणाचं ठरलं असतं का? या गाडीपुरतं तरी नाही. मतदानाचा निकाल लागला तरी पुरवठादारांकडून माल सुरळीत यायला उन्हाळा उजाडला. थकबाकीचे ३० टक्केच हाती पडलेला पुरवठादार पुढचा माल कोणत्या अटीवर देईल, हे कोणत्याही न्यायालयाच्या आदेशात लिहिलेलं नसतं.

भारतात जुनी हिरो इम्पल्स शोधणाऱ्यांनाही हाच तक्ता उपयोगी पडेल. २०११ साली आलेल्या त्या गाडीचं १४९.२ सीसी इंजिन हंक आणि सीबीझेड एक्स्ट्रीमच्या घराण्यातलं, त्यामुळे इंजिनाचं काम गल्लीतल्या मेकॅनिककडेही निभावतं. टाकी, बाजूचं प्लास्टिक आणि लांब पल्ल्याची शॉकअप हा तिचा तिसरा गट. अशी गाडी पाहायला गेल्यावर आधी टाकीचा तळ आणि पुढच्या शॉकअपच्या नळ्या बघाव्यात, इंजिनाचा आवाज नंतर ऐकावा.

या प्रकरणातल्या गाडीला थ्रॉटल बॉडीचा पर्याय अजून मिळालेला नाही. अपघातात मागून चेंगरलेली, पण पुढून शाबूत असलेली टीई किंवा ईसी मोडीत आली की तिची थ्रॉटल बॉडी आणि वायरिंग एकत्र घ्यायचं, असं खरेदीदाराने ठरवलं आहे. तिन्ही नावांनी शोधसूचना लावलेल्या आहेत, आणि या दोन भागांसाठी ३५० युरो बाजूला काढून ठेवलेले आहेत.